रेडिओचं बटन आईच्या हाती

मंडळी, आज अमरावतीत सुनेसोबत रिमोट घ्यायला गेलो. टीव्ही, पंखा, दिवे, सगळं एकावरच चालणारा. दुकानदार म्हणाला, "काका, घरात कोणाजवळ राहते रिमोट? त्याले सोपा जाते तोच घ्या."

मला साठच्या दशकातलं बडनेरा आठवलं. बाबा रेल्वेत होते. घरच्या रेडिओला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे.

एकदा आई तापाने अंथरुणाला खिळली. बाबांनी रेडिओ तिच्या उशाशी आणून ठेवला.

"आता तूच लाव. तू लावशीन ते मी आयकतो."

आईने भीतभीत बटन फिरवलं. खरखरीतून भजन लागलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

पुढे आई बरी झाली. बाबांनी बटन परत घेतलंच नाही.

तुमच्या घरी रेडिओ कोण लावायचं?