रिकामं फिरवू नये

वस्तू विकत आणली की काम झालं, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. बरगी धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकून राहायचं ठरलं तेव्हा त्याने घडीचं सोलर पॅनल आणलं आणि राइट टाउनमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर पसरून मोबाइल चार्ज करून दाखवला. गच्चीवर ऊन होतं. बरगीला पोचलो त्या दिवशी सकाळपासून मळभ, पॅनलचा दिवा काही लागेना. पॉवर बँक कुठे आहे म्हणून विचारलं, तर ती घरी प्लगला लटकून चार्ज होत होती. गाडीतलं चार्जिंगचं सॉकेट तर केव्हाचंच बिघडलेलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मोबाइल बंद पडले असते तर माझं काही अडलं नसतं. प्रश्न आईच्या कानांचा होता. आई जवळजवळ बहिरी झालेली. तिची नवी श्रवणयंत्रं चार्जिंगची, डबीत ठेवून रोज भरावी लागतात. आणि आई इथे आली होती ती ऐकायलाच.

बरगीच्या पाण्यात आईचं माहेर बुडालेलं आहे. तिचे पणजोबा विदर्भातून येऊन नर्मदेकाठी शेती करू लागले, ते गाव. धरणासाठी गाव उठलं तेव्हा आईचं लग्न झालेलं होतं, ती आवराआवरीला म्हणून गेली होती. त्यांच्याकडे रीत अशी, की घर सोडताना जातं उपाशी सोडायचं नाही. त्याच्या तोंडात मूठभर दाणे घालून मग निघायचं. हे काम आजीने आईला सांगितलं होतं. पण धान्याची पोती आधीच ट्रकवर चढली होती, ड्रायव्हर ओरडत होता, आणि ते राहून गेलं. जड म्हणून जातं तिथेच राहिलं, रिकामं. आजी मरेपर्यंत त्यावरून हळहळत होती.

पुढे बाबा दर उन्हाळ्यात, पाणी उतरलं की, आम्हाला याच काठावर मुक्कामाला आणायचे. पहाटे आई तंबूबाहेर बसायची आणि सांगायची, पाण्यातून जात्याची घरघर येते. बाबा म्हणायचे, लाटा दगडावर घासतात. मी म्हणायचे, मनात असेल तेच कानात. मला तिथे कधीच काही ऐकू आलं नाही. मग आईचे कान गेले. नंतर बाबाही गेले. नवी यंत्रं कानात बसली त्या दिवशी ती पहिल्यांदा काय बोलली असेल, तर, "मले एकदा बरगीले ने. एकदाच आयकू दे."

आणि आता दुपार कलायच्या आत यंत्रांनी मान टाकली होती. कान बंद झाले की आई घाबरते, सावली हलली तरी दचकते. पाण्याकडे तोंड करून ती म्हणाली, "गेलं ना माझं येणं वाया?" आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला कळत नाही. काठावरचे बगळे उडाले.

मी गाडीच्या डिकीतून बाबांचं मशीन काढलं. बाबा फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन होते. शिलाई मशीनचं हँडल आणि सायकलचा डायनामो एका पाटावर ठोकून त्यांनी हे प्रकरण बनवलं होतं. हाताने फिरवायचं आणि वीज काढायची. नियम एकच, आधी वायर जोडायची, मगच हँडलला हात लावायचा. लोडशिवाय फिरवलं तर व्होल्टेज चढतं, सर्किट जळतं, असं बाबा सांगायचे. आई सांगायची, जातं काय नि हे काय, रिकामं फिरवू नये, घरात भूक येते. त्या दोघांचं एकमत झालेली आमच्या घरातली ही बहुधा एकच गोष्ट.

डबी जोडली आणि फिरवायला लागले. लोड लागला की हँडल जड होतं, पलीकडून कोणी धरल्यासारखं. पाणी खूप उतरलं होतं, उघड्या चिखलात जुन्या घरांची जोती दिसत होती. वारा पडलेला. आमच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता. आईने पाटावर तळवा ठेवला. तिला ऐकू येत नव्हतं, पण थरथर कळत होती.

"भरलेलं आहे," ती समाधानाने म्हणाली.

मध्येच हँडल एकदम हलकं झालं. वायर निसटली असेल म्हणून पाहिलं, तर वायर जागच्या जागी, डबीचा दिवाही लागलेला. आईने चटका बसल्यासारखा हात उचलला. "रिकामं झालं," ती म्हणाली. मग हँडल आपोआप पुन्हा जड झालं. माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला याचा रागही आला. मी नवऱ्याला हाक मारली आणि हँडल त्याच्या हातात दिलं. अंधार पडेपर्यंत डबी भरली. मशीन मी पोत्यात गुंडाळलं आणि गाडीत टाकून डिकी लावली.

उजाडता उजाडता चहा ठेवला. आई यंत्रं घालून पाण्याकडे बसली होती. नवरा दात घासत होता. एकदम आई वैतागून माझ्याकडे वळली.

"काहून रिकामं फिरवून राहिली वं? बंद कर ते."

मी हात वर केले. एका हातात चिमटा होता. "मशीन गाडीत आहे, आई."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडात ब्रश होता.

"मग कोण फिरवून राहिलं?"

"कोणीच नाही."

तिचा चेहरा उतरला. ज्या आवाजासाठी ती आली होती तो आला होता, आणि तिने त्याला दटावलं होतं. "दगडावर दगड घासून राहिला," ती हळू म्हणाली. "दाणा नाही त्यात. माय अजून रिकामंच फिरवून राहिली."

"अच्छा, मोटरबोट असेल, आई," नवरा म्हणाला. पाण्यावर एकही बोट नव्हती.

आईने दाणे मागितले. आमच्याकडे पीठ होतं, पोहे होते, बिस्किटं होती. पीठ तिने झिडकारलं, दळलेलं कोणी जात्यात घालतं का? शेवटी खिचडीच्या तांदळाची पिशवी सापडली. मी तिचं कोपर धरलं आणि आम्ही चिखलात उतरलो. एका जोत्यापाशी ती थांबली, तिथून पुढे पाणी होतं. तिने मूठ भरली, वाकली, आणि जात्यात वैरतात तशी थोडी थोडी सोडली. मग दुसरी मूठ. पिशवी संपेपर्यंत तिने घाई केली नाही. तांदूळ पाण्यात पांढरे दिसत खाली जात होते.

मग ती कान देऊन उभी राहिली, आणि रडली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला तिची फार दया आली, आणि इतकी वर्षं तिची थट्टा केली म्हणून स्वतःची लाज वाटली.

"भरलं आता," ती म्हणाली. तिने दोन्ही यंत्रं काढली आणि माझ्या हातात दिली. "ठेव डबीत. पुरे झालं."

ही यंत्रं चालू असताना मुठीत धरली की शिट्टी मारतात. घरी रोज मारतात. तिथे मारली नाही. मी एक कानाशी नेलं. आत घरघर चालली होती, जड आणि सावकाश, दाणा भरडताना येते तशी. समोर पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "तुले येऊन राहिलं ना आयकू?"

तिच्या कानात आता काहीच नव्हतं, बोलून उपयोग नव्हता. मी होकारार्थी मान हलवली.