सातव्या घरातले यवन

लेकीने अंधेरीच्या ऑफिसातला दिल्लीकडचा मुलगा पसंत केला, तेव्हा मी फणकाऱ्याने म्हटलं, "आपल्यात परका चालणार नाही. आधी पत्रिका बघू." आमच्या मालवणी घरात पत्रिका काढली की पुढे कुणी वाद घालत नाही.

मुलुंडच्या गुरुजींनी पत्रिकेतल्या लग्नाच्या, म्हणजे सातव्या घरावर बोट ठेवलं. "याला जामित्र म्हणतात. शब्द यवनांचा."

मी चमकले. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात यवन म्हणजे तलवार उपसून येणारा शत्रू.

"मुळात यवन म्हणजे ग्रीक," ते शांतपणे म्हणाले. "त्यांचे राजे वायव्येकडे राज्य करून गेले. ग्रहताऱ्यांचं बरंचसं गणित आपण त्यांच्याकडून शिकलो आणि आपलंच करून टाकलं."

म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मी परका नको म्हणत होते, त्यातल्या लग्नाच्या घराचं नावच परक्याचं! पत्रिका जुळते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी लेक दारातच उभी होती. "आई, काय म्हणाले गुरुजी?"

"ते जाऊ दे," मी चपला काढत म्हटलं. "तो मासे खातो का, तेवढं विचार."