तिरकी पट्टी

माझा धाकटा भाऊ विमानतळावर बसून आकाशातली विमानं सांभाळतो आणि मी त्याच्यासारख्यांच्या कामासाठी संगणकाचे पडदे बनवते. परळीतल्या घरी आईला दोन्ही कामं एकच वाटतात. दोघंही टीव्हीम्होरं बसून पगार घेत्यात, असं ती शेजारणींना बिनदिक्कत सांगते.

परवा तो रजेवर आला तो तोंड पाडूनच. एकेका विमानाची नोंद ठेवायच्या त्यांच्याकडच्या कागदी पट्ट्या जाऊन आमचा नवा पडदा येतोय. त्या पडद्यावरच्या सराव-परीक्षेत यानं एक विमान वर घिरट्या घालत ठेवलं ते ठेवलंच, साफ विसरला. विमान खोटं होतं म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर खुर्ची जाणार, मग फायली चाळत बसायचं. आईला सांगू नको म्हणाला. माझं डोकंच फिरलं. पडद्यावर सगळं लिहिलेलं होतं, कागदापेक्षा लई ठळक. मग हा विसरला कावून?

मी जुन्या लग्नपत्रिका कापून पट्ट्या केल्या, एकेकीवर एकेका विमानाचा नंबर टाकला. टेबलावर उडून आलेली औष्णिक वीजकेंद्राची राख पुसून त्याला बसवलं आणि वैमानिक होऊन मीच बोलायला लागले. तो भराभर पट्ट्या सरकवत गेला, एकही विमान विसरला नाही. तेव्हा मला दिसलं. ज्या विमानाचं काही राहिलंय त्याची पट्टी तो जरा तिरकी करून ठेवायचा, काम झालं की सरळ. आमच्या पडद्यावर सगळ्या पट्ट्या आपोआप सरळ रांगेत येतात. त्याचाच तर आम्हाला केवढा तोरा!

आनंदानं सांगायला गेले तर माझ्यावरच उखडला. मी कुठं तिरकी करतो, उगं काय बी बोलू नको म्हणे. तो पट्ट्या सरकवत असताना मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्यानं तो पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघितला.

पुन्हा करून दाखव म्हटलं. आता पट्टी उचलली की हात थबकायचा. ही तिरकी करायची का ती? केलेली सरळ कधी करायची? मधेच माझ्याकडं बघायचा. आणि एक विमान विसरला. कागदावर, जे आजवर कधी झालं नव्हतं.

मी घाईघाईनं म्हणाले, पडद्यात तिरकं करायची सोय घालते की. पण म्हणताना माझा मलाच भरवसा वाटेना. मी नक्की काय शोधलं होतं आणि काय मोडलं होतं?

तो स्वतःच्या हाताकडं बघत होता.

"ताई, सोमवारी परत परीक्षा हाय," तो म्हणाला. "तू सांगायच्या आधी मी कसं करत होतो, त्ये आता तूच मला शिकव."