झाडाचा परकर

ख्रिसमसच्या झाडालाही परकर लागतो हे मला माझ्या मुलीने सांगितलं. तिच्या मैत्रिणीच्या घरी होता म्हणे, लाल, गोल, बुंध्याभोवती छान पसरलेला. आमच्या झाडाला बुंधा कुठला? वाशीच्या बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं झाड, खाली तीन लोखंडी पाय, त्यातला एक वाकडा. ते पाय दिसतात म्हणून बाईसाहेब रुसल्या होत्या. विकतचा परकर मी मोबाइलवर शोधला आणि किंमत बघून मोबाइल उपडा ठेवला. एवढं मोजणाऱ्यांच्या घरची झाडं तरी खरी असतील.

घरात शिवणयंत्र होतंच. ते सासूबाईंचं. बोनकोडे गावातल्या अर्ध्या बायका त्यांनी शिवलेले परकर नेसून म्हाताऱ्या झाल्या. शेती गेली, शेताच्या जागी इमारती आल्या, आमच्याही घरावर मजले चढून भाडेकरू राहायला आले, तरी सासूबाई खिडकीपाशी बसून परकर शिवत राहिल्या. मी लग्न होऊन घाटावरून इथे आले तेव्हा मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, पण टोमण्यांशिवाय एक टाका शिकवला नाही. माझी तुरपाई बघून विचारायच्या, तुमच्या घाटावर सगळ्याच वाटा अशा वाकड्या असतात का. त्यांची स्वतःची तुरपाई मात्र बघत राहावी अशी. बारीक टाके, सगळे एकाच बाजूला कललेले, एकही आगाऊ नाही.

यंदा गणपती गेले आणि पाठोपाठ त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभ महिनाभरात सुटली, आणि सुटली म्हणजे अगदी पहिल्यासारखी. पायही धरून धरून टेकायला लागला. हात तेवढा आला नाही. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. त्या डाव्या हाताने चमच्याने जेवायच्या, पण प्रसाद डाव्या हातात घ्यायच्या नाहीत. त्या वेळी माझ्याकडे बघून नुसतं तोंड उघडायच्या. मी भरवायचे.

फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणाली होती की हाताला त्याच्या सवयीचं काम द्या, कधी कधी सवय परत येते. कधी कधी, असं ती म्हणाली होती. मी तेवढे दोन शब्द सोडून बाकीचं वाक्य उराशी धरलं. त्यात आता मुलीला झाडाचा परकर हवा होता. मला वाटलं, देवानेच हे काम धाडलं.

कापडाला एक पैसा खर्च केला नाही. गणपतीच्या मखरामागे लावलेलं लाल सॅटिन होतं, अस्तराला जुनी चादर, काठाला माझ्या एका विटलेल्या साडीची जर. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. झाडाला लाज कधीपासून वाटायला लागली, म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या की आपण तुळशीच्या लग्नात तुळशीला साडी नेसवतोच की, मग ह्या झाडाने काय पाप केलंय. त्या दिवशी त्यांनी खिडकीपाशी खुर्ची मागितली. मला तेवढंही पुरलं.

त्या सांगत होत्या, मी कापत होते. पण हात शिकला तसंच वागतो. मी सवयीने घेर जोडला, वर नेफा केला, नाडी ओवली, आणि मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं.

“घालशील कसा? झाड काय पाय उचलनार हाय?”

मुलगी हसून हसून लोळली. मी एक बाजू मधोमधपासून काठापर्यंत कापली, नेफा उसवला, बांधायला बंद लावले. परकर शिवायला शिकलेल्या बाईला तो उघडा ठेवणं फार जड जातं. सासूबाई बघत होत्या आणि मधेमधे सूचना करत होत्या. त्या महिन्यांमधली ती एकच दुपार अशी आठवते की घरात आजारपण नव्हतं.

काठाची तुरपाई मी मुद्दाम ठेवली. मशीनवर टीप मारली असती तर क्षणात झालं असतं. पण मी परकर त्यांच्या पलंगावर पसरून ठेवायला लागले. रोज सकाळी पिनकुशनमध्ये लाल दोऱ्याच्या सुया ओवून त्यांच्या उजव्या बाजूला ठेवायचे आणि काही न बोलता स्वयंपाकघरात जायचे. काही बोलले असते तर त्यांच्यावर दडपण आलं असतं, असं मला वाटायचं. संध्याकाळी सुया तशाच असायच्या. मी दोरे काढून नवे ओवायचे. नवरा म्हणाला, कशाला त्रास देतेस तिला. मी त्याच्यावर खेकसले. आशा करणाऱ्या माणसाला मधे बोललेलं खपत नाही.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले तर एक सुई पिनकुशनमध्ये नव्हती. ती काठात खोचलेली होती, आणि तिच्या मागे वीतभर तुरपाई झाली होती. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी पिशव्या खाली टाकल्या. त्यांना उठवलंसुद्धा नाही. आधी नवऱ्याला फोन केला, त्याला ऑफिसात रडू आलं. मग करावे गावात दिलेल्या नणंदेला केला. मग फिजिओवालीला, मग खालच्या भाडेकरूंना जिन्यातच सांगितलं. हात आला, हात आला, सुई धरली आईंनी. मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने कधी बोलले नसेन.

मग परकर उचलून गॅलरीत नेला. मला ते टाके उजेडात नीट बघायचे होते. बारीक नव्हते, पण ते मी धरलंच नव्हतं. लुळ्या हाताचे टाके ते, लहानमोठे असणारच. मी त्यांवरून बोट फिरवलं आणि मग दिसलं की सगळे टाके उलट्या बाजूला कललेले आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकले होते. उजव्या हाताने घातलेला टाका तसा कलत नाही. तो डाव्या हाताने घातला, आणि डावीकडून उजवीकडे जात घातला, तरच कलतो.

मी आत आले. सासूबाई जाग्या होत्या. गादीला कापड सेफ्टी पिनांनी टोचून ठेवल्याच्या खुणा आता मला दिसल्या. उजवा हात त्यांनी कापडावर ठेवला असणार, वजन म्हणून. मी परकर हातात धरून उभी होते. त्यांनीच सांगितलं.

“हात लकवा मारला त्याच दिशी गेला गो. मना ठाव हाय. तू रोज सुया ओवून ठेवतंस, मना बगवत नव्हतं.”

मी पलंगाच्या कडेला बसले. मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग. मग माझा आला. मग कुणाचाच नाही. एवढे दिवस मी ह्या बाईला धीर देते आहे असं समजत होते. त्या म्हणाल्या, बाकीची तुरपाई तू घाल, खाली कोण बघतंय. मी उरलेला काठ मशीनवर टीप मारून संपवला. घरभर यंत्राचा आवाज होत होता आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

कुणाला फोन करून खरं सांगायचा धीर मला झाला नाही. उद्या सांगू, सण होऊ दे, असं म्हटलं. संध्याकाळी झाड लागलं. परकर गोल पसरला, वाकडा पाय झाकला गेला, मुलीने लाइट लावले. आणि दारात नणंद उभी. येताना गावदेवीला पेढे ठेवून आणले होते तिने. चप्पल काढायच्या आत रडायला लागली. नवरा तिच्या मागेच, तोही हसत होता. मुलीने झाडाखालचा काठ उचलून आत्याला आजीचे टाके दाखवले. नणंदेने त्यांवर कपाळ टेकवलं.

मग ती आईपाशी गेली, उजवा हात आपल्या हातात घेतला, तळवा उघडला आणि त्यावर पेढा ठेवला.

“देवीचा हाय. ह्याच हातान् खा.”

सगळे बघत होते. पेढा तळव्यावर होता. बोटं तशीच पडलेली होती. नणंद हसत वाट बघत होती, नवरा मोबाइल काढून उभा होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“आज दमलाय हात,” त्या म्हणाल्या.

दमणारच, नणंद म्हणाली, एवढी तुरपाई केली म्हणजे काय. उद्या उचलेल. नवराही म्हणाला, उद्या उचलेल. सासूबाईंनी तोंड उघडलं. मी पुढे झाले, त्यांच्या तळव्यावरचा पेढा उचलला आणि त्यांना भरवला.