टँकर आलेला नाही

पहिला धावपटू दिसायच्या आधी मला रिकाम्या भांड्यांचा आवाज आला.

लातूरमधल्या एका पाण्याच्या टाकीजवळ मी उभी होते. गल्लीच्या तोंडातून छातीवर नंबर लावलेला एक तरुण पळत आला. त्याच्या मागे आणखी दोघे, आणि त्यांच्या मागे अख्खी गल्ली. बायका, म्हातारे, पोरंटोरं. हातात हंडे, कळशा, तेलाचे रिकामे डबे. बायका धावपटूंपेक्षा जोरात पळत होत्या. शिट्टी तोंडातच होती, पण ती वाजवायचंही सुचलं नाही.

आधी हा खेळ काय ते सांगते. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावायची शर्यत. रस्ता आखून दिलेला नसतो. नकाशावर काही ठिकाणांभोवती गोल केलेले असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. तिथे केशरी-पांढरा झेंडा लावलेला असतो. कंट्रोलवर जाऊन कार्ड पंच करायचं आणि पुढची वाट आपल्या अकलेनं शोधायची. जंगलात खेळतात, तसं शहराच्या गल्लीबोळांतही खेळतात. मी मूळची नांदेडची. शाळेतली खेळाच्या शिक्षिकेची नोकरी सोडून एका स्पोर्ट्स इव्हेंट कंपनीत कोर्स आखायचं काम करत होते. मराठवाड्यात अशा शर्यतींची मालिका सुरू करायची, ही कल्पना आमच्या कुलकर्णी सरांची. पहिली लातूरला, दुसरी नांदेडला. पहिली नीट झाली तरच नांदेडसाठी स्पॉन्सर पुढे येणार होता.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. मी सरांना म्हटलं होतं, एक पाऊस होऊ द्या. ते म्हणाले, "भालेराव मॅडम, आपल्याला रस्ते हवेत. पाणी कशाला हवंय?"

टाकी मीच निवडली होती. लांबून दिसते, भोवती मोकळी जागा, नकाशावर ठळक. शिवाय ती कोरडी ठणठणीत होती. तिच्याकडे कुणी फिरकत नाही, म्हणजे गर्दी होणार नाही, असा माझा हिशेब. पण लोकांनी टाकी बघितलीच नव्हती. त्यांनी पळणारी माणसं बघितली होती.

सगळ्यांत पुढे एक पन्नाशीची बाई होती. अयोध्याबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. वाटेत पडली असावी, गुडघ्याजवळ लुगडं फाटलं होतं. दोन्ही हंडे मात्र शाबूत होते.

"कुठं हाय टँकर?" तिनं विचारलं.

"कसला टँकर? ही शर्यत आहे, मावशी."

"शर्यत?" तिला खरंच वाटेना. "मग ही मान्सं पान्यासाठी न्हाई पळत?"

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, तिकडंच आला की टँकर! आपल्याच कोपऱ्यावर!" अख्खी गर्दी तशीच वळली आणि परत पळत सुटली. अयोध्याबाई दोन पावलं लंगडली आणि खाली बसली.

"गेला माझा नंबर," ती म्हणाली. "पहाटंपासून हंडे लावले व्हते लाईनीत. तुमची पोरं पळताना बघितली, वाटलं टँकर इकडं वळला. उचलले हंडे नि पळाले. आता पुढचा टँकर आठ दिसांनी. घरात सून बाळंतीण हाय वो."

इतकी वर्षं मैदानावर काढली, पण मी आखलेल्या शर्यतीमुळे कुणाच्या घरातलं पाणी तुटेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यात हवालदार आले. टाक्यांपाशी जमाव करायला त्या दिवसांत बंदी होती. त्यांनी आमचा झेंडा उपटला. "हे काय करून राहिले मॅडम तुम्ही? नव्या जिल्ह्याचा मोर्चा हाय का?" उदगीरकडे तेव्हा जिल्ह्याच्या मागणीची हवा होती.

"नाही हो, खेळ आहे."

"असल्या उन्हाळ्यात?" त्यांनी अयोध्याबाईकडे बघितलं आणि झेंडा गुंडाळून माझ्या हातात दिला.

मी सरांना फोन लावला. ते फिनिशला होते. तिथे धावपटूंसाठी बाहेरगावाहून मागवलेल्या पाण्याच्या जारांनी भरलेला टेम्पो उभा होता.

"सर, शर्यत थांबवा आणि टेम्पो इकडे पाठवा."

"वेड लागलंय का? उन्हात कुणाला चक्कर आली तर?"

"थांबवली तर कशाला चक्कर येईल?"

"आणि नांदेडचं काय?"

नांदेड माझं माहेर. तरीही मी म्हणाले, "नांदेड गेलं खड्ड्यात."

टेम्पो आला. सर स्वतः पुढे बसून आले होते, तोंड फुगलेलं. ज्यांचे नंबर गेले होते त्या बायका तोवर रिकामे हंडे घेऊन टाकीपाशी परतल्या होत्या. सगळ्यांना पुरेल इतकं पाणी नव्हतं. अयोध्याबाईचे दोन्ही हंडे भरले. तिनं आभार वगैरे मानले नाहीत.

"हे पानी मघापासनं तुमच्याजवळच व्हतं व्हय?" ती म्हणाली आणि लंगडत निघून गेली.

त्या शर्यतीचा निकाल लागलाच नाही. स्पॉन्सरनं हात वर केले. नांदेडची शर्यत पाऊसपाणी झाल्यावर, दुसऱ्या स्पॉन्सरवर झाली. गोदावरी भरून वाहत होती, तरी मी आदल्या संध्याकाळी भोंगा लावलेला ऑटो गल्ल्यांतून फिरवला: "उद्या सकाळी पळणारी माणसं शर्यतीची आहेत. टँकर आलेला नाही." सर हसले. खर्च मात्र मंजूर केला.

पुढे आम्ही पुन्हा लातूरला गेलो. तेव्हा नळाला पाणी होतं. नेमका ऑटो बिघडला, म्हणून घोषणा राहिली. मी मुद्दाम त्याच गल्लीत जाऊन उभी राहिले. पहिला धावपटू वळणावर आला आणि फटाफट दारं उघडली. अयोध्याबाई दारात आली. हातात रिकामा हंडा. मागे मोरीत नळाची धार पडत होती, मला ऐकू येत होती.

"मावशी, शर्यत आहे," मी म्हटलं.

"हाव, ठावं हाय," ती म्हणाली. शेवटचा धावपटू दिसेनासा होईस्तोवर तिनं हंडा काही खाली ठेवला नाही.

तेव्हापासून आमच्या नियमांत एक कलम आहे. भोंग्याचा ऑटो फिरला नसेल, तर शर्यत सुरू होत नाही.