मॅडमचे नव्वद अंश

निमगावकर मॅडम आमच्या उज्जैनच्या कॉलेजातून रिटायर झाल्या आणि पंधरा दिवसांत तिथेच परत आल्या, पीएचडीच्या विद्यार्थिनी म्हणून! त्यांचे गाइड त्यांचेच जुने विद्यार्थी. संशोधनाच्या खोलीत मॅडमचं टेबल माझ्या शेजारी. "अगं, आता मी तुझी क्लासमेट. मॅडम म्हणू नकोस," म्हणाल्या. ते कुणाला जमणार होतं!

सूर्याहून कितीतरी भारी असे तारे कसे जन्मतात, हा त्यांचा विषय. कुणी चहाला आलं की त्या सुरू होत. "वायू आणि धुळीचा ढग असतो बघ. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं आणि चुंबकीय क्षेत्र म्हणतं, ज़रा रुको! या खींचातानीत तारा घडतो." त्यांनी अभ्यासलेल्या ढगात चुंबकीय क्षेत्र आडवं येऊन वायूला अडवतं, असं त्यांनी तीन वर्षं खपून मांडलं होतं.

प्रबंध द्यायला महिना उरला तेव्हा त्यांनी नकाशे नीट काढायचं काम मला दिलं. धुळीकडून येणाऱ्या प्रकाशाची कंपनं कोणत्या दिशेला कलली आहेत ते मोजतात आणि तो कल नव्वद अंशांनी फिरवला की चुंबकीय क्षेत्राची दिशा मिळते. नकाशे काढताना माझ्या लक्षात आलं, मॅडमकडे आलेले आकडे आधीच फिरवलेले होते. त्यांनी ते पुन्हा फिरवले होते. म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या रेषा आडव्या नव्हत्याच, आत पडणाऱ्या वायूबरोबर चालल्या होत्या.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सांगून टाकलं.

मॅडमनी डबा बाजूला सारला आणि दोन तास सगळं स्वतः तपासलं. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "हद झाली! कधी कळलं तुला?"

"सोमवारी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट तर वाटलंच गं. पण चार दिवस मी आणखी चुकीचं लिहीत बसले, त्याचं काय?"

संध्याकाळी त्यांनीच मला टावर चौकात नेऊन जिलबी खाऊ घातली. "दाट भागात गुरुत्वाकर्षण त्या रेषांनाही ओढून नेतंय, कळलं का? ये तो और मज़ेदार निकला!"

प्रबंधातलं ते प्रकरण गुपचूप गाळावं, बाकीचं पुरेसं आहे, असं गाइड म्हणाले. मॅडमनी ऐकलं नाही. आणखी दीड वर्ष घालवून सगळं नव्याने लिहिलं. सेमिनारमध्ये त्यांनी आधी चुकीचाच नकाशा लावला. "ही चूक माझी. आणि पकडली हिने," असं म्हणून मला भर सभेत उभं केलं.

डिग्री मिळाल्यावर त्या मुलीकडे नागपूरला राहायला निघाल्या. स्टेशनवर मी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगताना लाज नाही वाटली?"

"वाटली ना! खूप वाटली. पण मला उत्तर कळलं की गं!"

गाडी हलली. मॅडम खिडकीशी बसून शेजारच्या बाईंना दोन्ही हातांनी काहीतरी आत ओढून दाखवत होत्या. मला टाटा करायचं त्यांना सुचलंच नाही.