पास्कलच्या बदल्यात दोन पोरं

बहरीनमध्ये शुक्रवारी क्रिकेट खेळणाऱ्यांकडे कप कमी आणि किस्से जास्त साठतात. आमच्या टीमकडे तर नुसते किस्सेच, आणि ते सगळे दळवीकाकांपाशी येऊन थांबतात. काका आमचे कॅप्टन आणि विकेटकीपर. सगळी नोकरी इथल्याच अस्कर गावातल्या कारखान्यात झाली. यंदा व्हिसा संपला की कायमचे चिपळूणला. त्यांना एकदा तरी कप देऊन पाठवायचं, एवढाच आमचा हट्ट होता.

*

कपासाठी बॉलर हवा. आमच्या लीगमध्ये सीझनआधी खेळाडूंची अदलाबदल चालते. वसईचा पास्कल, सीफमधल्या हॉटेलात कामाला, लीगमधला सगळ्यात मुरलेला बॉलर. त्याचा कॅप्टन म्हणाला, "एक के बदले दो. ओंकार और साहिल. यल्ला, बोलो."

ही दोघं म्हणजे काकांनी बॅट धरण्यापासून शिकवलेली नवी पोरं. आम्ही चहावर हिशेब मांडला. धावा, विकेटी राहिल्या बाजूला. "ओंकारकडे मोठी गाडी आहे, तो गेला तर किट कोण नेणार?" यावरच अर्धा तास गेला.

*

काका ऐकेनात. "बियाणं दळून भाकऱ्या करता होय रे? मी जाणार, पोरं राहणार."

शेवटी ओंकारच म्हणाला, "काका, आम्ही पुढल्या वर्षी परत येऊ. तुम्हाला पुढलं वर्ष नाहीये."

काका उगाच पॅडचे पट्टे आवळत बसले. त्या पोरांचे आभार कसे मानावेत, ते मला अजून कळलेलं नाही.

*

पास्कल पहिल्या मॅचला ड्यूटीवरून थेट आला, गळ्यात हॉटेलचा टाय. टायसकट बॉलिंग केली आणि तीन विकेटी काढल्या.

"अरे, टाय तरी काढ," मी म्हटलं.

"काढला तर बांधायला बायको लागते. ती वसईला."

त्याच्या जिवावर आम्ही फायनलला पोचलो.

*

फायनल नेमकी पोरांच्या टीमशी. शेवटचा बॉल, त्यांना चार हव्यात, समोर ओंकार. आधीचे दोन बॉल पास्कलने त्याला बॅटला लावूच दिले नव्हते. कप आमचाच, असं सगळे धरून चालले होते. पास्कल धावत निघाला आणि स्टंपमागून काकांचा नेहमीचा आवाज आला, "ओंकार, पाय पुढे टाक, पाय!"

ओंकारने पाय टाकला. बॉल सरळ बाउंड्रीपार गेला.

पास्कल कमरेवर हात ठेवून काकांकडे बघत राहिला. काका ग्लव्ह्ज घालूनच टाळ्या वाजवत होते.

"बघितलंत?" ते आम्हाला म्हणाले. "किती दिवस सांगत होतो त्याला."